वेगाची मर्यादा

काटोलच्या संत्रा मंडीचे भाव रोज अकरा वाजता इंटरनेटवरून उतरवून घेणारी कमांड मी लिहिली होती. माझ्यासोबत काम करणाऱ्या मोहितनं माझं नाव खोडून तिथं स्वतःचं टाकलं आणि मला कंपनीतून काढायला लावलं. मानेवाड्यातल्या माझ्या घरच्या लॅपटॉपवर ती कमांड अजून चालते.

सोमवारी भावांऐवजी आवाजाची एक फाइल उतरू लागली. उतरली तेवढी ऐकली. भर मीटिंगमध्ये मोहित सांगत होता, "हे सगळं मीच लिहिलं." त्याची ती ऐट अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

सर्व्हरवर ताण नको म्हणून मी कमांडमध्ये वेगाची मर्यादा घातली होती. त्यामुळे फाइल थेंब थेंब येत होती. गुरुवारी साठ टक्के झाली आणि मोहितच्या बायकोचा, वंदनाचा, फोन आला.

"ह्यायचा आवाज रोज थोडा थोडा जाऊन राहिला वं. डॉक्टरले काही सापडून नाही राहिलं. कागदावर तुह्यंच नाव लिहून दाखवतात. काहून?"

तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"थांबव वं, मयुरा." एवढंच कसंबसं ऐकू आलं.

थांबवायला दोन बटणं पुरतात. मी ती दाबली. मग वेगाची मर्यादा खोडली, जिथं थांबलं तिथून पुढे उतरवण्याचा पर्याय जोडला आणि एंटर मारलं.

शंभर टक्के व्हायला चार सेकंद लागले. फोनवर आता नुसता त्याचा श्वास होता.

खाली आपोआप दुसरी फाइल उतरू लागली. तिच्यातही नुसता श्वास होता.

मी मर्यादा परत घातली नाही.