अडीनडीसाठी

शाळेने बचत शिकवायला दिलेला मातीचा गल्ला पोर जिवापाड जपायची. आई गेली, अंत्यविधीत होतं नव्हतं ते संपलं, तेव्हा लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बापाने मन घट्ट करून तो फोडला. नाणी पडलीच नाहीत. घरंगळल्या त्या बायकोच्या गोळ्या, ज्यांच्यापायी त्याचा निम्मा पगार जायचा. औषध लागूच पडेना म्हणून डॉक्टरांनी हात टेकले होते.

"बाईंनी शिकवलंय, अर्धं अडीनडीला मागे टाकायचं," पोर म्हणाली. "म्हणून मी आईला रोज दोनातली एकच गोळी द्यायचे."

बापाने विचारलं, "आणि ती काहीच म्हणाली नाही?"

"म्हणाली ना. शहाणी गं माझी बाय, पण बाबांना सांगू नकोस."