भांडणावर वाढलेला दोडका

मे महिन्यात अकोल्याच्या नळांना आठवड्याने पाणी येऊ लागलं, तेव्हापासून परसबागा भांडणावर जगत होत्या. प्रयोगशाळेतल्या नव्या वाणाला चमचाभर पाणी पुरे, पण रोज खराखुरा राग ऐकवावा लागे. शेजारच्या बोंडे कुटुंबाची भेंडी तर छपराला टेकली होती. शैलजाबाईंचा दोडका मात्र मान टाकून पडलेला, कारण नवराबायकोचं कधी वाजतच नसे.

"तुम्ही अगदी बैलोबा आहात!" त्या ओरडल्या आणि हसल्या.

"आणि तू कैदाशीण!" मोरेश्वररावही हसले.

वेल ढिम्म. असली नाटकं तिला लगेच कळत.

शैलजाबाईंनी पदर खोचला आणि पोटातलं ओठांवर आणलं. "तुमची ती बासरी! वीस वर्षं रोज वाटतं, उचलून बंबात घालावी. आणि जागा उरली तर तुम्हालाही!"

वेल ताठ झाली. चार पिवळी फुलं पटापट उमलली.

"वाचला बाई दोडका!" शैलजाबाई हरखल्या. "चला आत, सरबत करते."

मोरेश्वरराव जागचे हलले नाहीत. त्यांनी सावकाश बाह्या सारल्या.

"थांब," ते म्हणाले, "वांगी अजून सुकलेलीच आहेत."