फरशीखालचे तीन ठोके

विगन गावात स्पॅनिशांच्या राज्यात त्यांच्या जुलमावर लिहिलेल्या एका कादंबरीवर बंदी होती; ती जवळ सापडली, की माणसाला गोळी घालत. म्हणून लोक दारं लावून ती वाचत आणि एकजण खांबांवर उभ्या लाकडी घराखाली पहाऱ्याला बसे. शिपाई किंवा त्यांचा खबऱ्या दिसला, की तो खालून फळ्यांवर काठीने तीन ठोके देई.

तिच्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत सिन्योर एव्हारिस्तोंनी मला दुरुस्तीला दिली, पण घराबाहेर नेऊ दिली नाही. त्यांच्या दिवाणखान्यात बसून मी फाटकी पानं सांधत असे. एकटी असले की सगळं शांत. ते आत आले, की संगमरवरी फरशीखालून तीन ठोके.

"उंदीर असतील," ते म्हणायचे. खाली तळघरसुद्धा नव्हतं.

काल त्यांनी पहिल्या पानावरच्या सहीवर बोट ठेवलं. मकारियो दुमलाओ, ह्याच पुस्तकापायी गोळी खाल्लेले मास्तर.

"मानांग," ते मला ताई म्हणावं तसं म्हणाले, "हे खरवडा. इथे माझ्या पणजोबांचं नाव घालू."

"त्यांनीच तर मास्तरांची खबर दिली, सिन्योर! गावाला ठाऊक आहे."

"गाव विसरतं हो. पुस्तक राहतं. बरं, तुमची मुलगी माझ्याच हॉटेलात आहे ना कामाला?"

मी पातं उचललं. नाव निघायला अर्धा तासही लागला नाही.

आज सिन्योर मनिलाला गेलेत. मोलकरीण मला दार उघडून बाजारात गेली. रिकाम्या घरात मी चपला काढल्या आणि दिवाणखान्यात पाऊल टाकलं.

फरशीखालून तीन ठोके आले.