तेरा चिंध्यांची शेपटी

"तेराचा पाढा? ही? अहो ताई, हिने तो म्हटला ना, तर चौकात कोंबडा होऊन आरवेन मी!" नळवाला जिन्यात उभा राहून चारही मजल्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आणि नाही म्हटला तर?" शिंपीणताईंनी दातांनी दोरा तोडला.

"तर तुम्ही आरवा."

"लागली पैज. येत्या रविवारी."

ताईंच्या मागे दाराच्या फटीत पोरीचा एक डोळा लुकलुकला. तिला ऐकू जावं म्हणूनच नळवाल्याने एवढा घसा फाडला होता. मोरी तुंबली तेव्हा ताईंनीच त्याला सांगितलं होतं. पोरगी मुलांच्या संस्थेने ताईंकडे सांभाळायला दिलेली, तीही तात्पुरती. घरं बदलली तशा शाळा बदलल्या. प्रत्येक शाळेत पाढे पुन्हा दोनापासून, आणि सातावर गाडी आली की हिची पिशवी भरायची वेळ. आता ती पुस्तकच उघडेना. म्हणायची, "कशाला? परत जायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी ताई टेप घेऊन नळवाल्याच्या दारात.

"हात वर करा."

"कशाला?"

"हरणाऱ्याचं माप घ्यायचंय."

"अहो, पैजेचा निकाल तर लागू द्या!"

"शिवायला वेळ लागतो हो."

संध्याकाळी तो हळूच त्यांच्या खिडकीपाशी गेला. मशीन खडखडत होतं. पोरगी खाली फतकल मारून कोंबड्याच्या शेपटीसाठी चिंध्यांचे झुपके बांधत होती. एका झुपक्यात तेरा चिंध्या. "एक झुपका तेरा, दोन सव्वीस, तीन एकोणचाळीस..." सातव्या झुपक्यापाशी ती अडली. बाहेर नळवाल्याने टाचा उंचावल्या. तिने झुपका सोडला आणि पुन्हा मोजायला घेतलं. तो मांजराच्या पावलांनी परतला.

रविवारी चौकात ही गर्दी! पोरगी उलट्या बादलीवर चढली. सहापर्यंत भरधाव गेली.

"तेरा साते..."

ताईंनी पदर मुठीत धरला. पोरीने ताईंच्या हातातल्या शेपटीकडे पाहिलं. ओठ हलले.

"एक्याण्णव!" आणि तिथून जी सुटली, ती थेट एकशे तीसवर थांबली.

टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला. नळवाल्याने ताईंनी शिवलेला लाल तुरा डोक्यावर चढवला, शेपटी बांधली, बादलीवर उभा राहिला आणि मान ताणून आरवला. कोपऱ्यावरचं कुत्रं शेपूट घालून पळालं.

"एवढंच? कोंबड्याला सर्दी झालीय की काय?" ताई ओरडल्या. "पुन्हा!"

तो पुन्हा आरवला. पोरगी पोट धरून खालीच बसली. मग डोळे पुसत उठली, त्याची वाकडी झालेली शेपटी नीट केली आणि म्हणाली,

"काका, चौदाला काय होणार? आत्ताच सांगून ठेवा. शिवायला वेळ लागतो."