इथलाच आवाज

न्यूट्रॉन ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत कृष्णद्रव्याची एक बारीक रेघ दिसते का, हे आम्ही सहा वर्षं शोधतोय. सोमवारी पडद्यावर एक रेघ उमटली.

"लगेच हुरळू नकोस," माझी सहकारी मारिएला म्हणाली. "दुर्बिणीचं तोंड ताऱ्यावरून फिरव, मग बघू."

तोंड फिरवलं. रेघ तशीच. म्हणजे आवाज आकाशातला नव्हता, इथल्याच कुठल्यातरी यंत्राचा होता.

"असेल कुणाच्या गेटचा रिमोट. इथलं आहे ना, मग पुसून टाक."

पुसली. रोज येत होती, रोज पुसत होतो. गुरुवारी दुपारी ती थांबली, तेव्हा जरा बरं वाटलं.

शनिवारी नेहमीसारखा चीज आणायला दुर्बिणीच्या शेजारीच एकटी राहणाऱ्या बोनारियामावशीकडे गेलो. दारात तिचा मुलगा प्रियामो होता.

"सोमवारी न्हाणीत पडली. गुरुवारी गेली, असं डॉक्टर म्हणतात." त्याने मूठ उघडून मावशीच्या गळ्यातलं बिनतारी मदतीचं बटण दाखवलं. "हे दाबत राहिली असणार. पण ज्या फोनला ते जोडलेलं, तोच बंद होता. कुणाला ऐकूच गेलं नाही."



"नसेल गेलं," मी म्हणालो.