नाण्यावरचा सदरा

टांकसाळीतून पहिल्या नाण्याचा फोटो मोबाइलवर आला आणि मी तो डोळ्यांजवळ धरला. ज्युदो स्पर्धेचं नाणं, त्यावर आपली ज्युदोपटू इवाकी, आणि साचा माझ्या हातचा. साच्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. ह्यातच जन्म गेला माझा. खात्री करायला मी अंगातल्या किमोनोकडे पाहिलं. नाण्यावरच्या तिच्या ज्युदोच्या सदऱ्याची घडी बरोबर त्याच्या उलट!

आमच्याकडे डावी बाजू वर घेऊन कपडे घालतात. उजवी वर असते ती फक्त मेलेल्या माणसाची.

"नात्सुए, मेलो गं! जिवंत पोरीला मी प्रेताचे कपडे चढवले. उद्या हे नाणं तिच्याच हातात देणार आहेत!"

"ओरडू नका हो, चहा सांडेल," म्हणत बायकोने फोन घेतला. फोटो नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती माझा कमरपट्टा सोडू लागली.

"नाणं अगदी बरोबर आहे," ती हळूच म्हणाली.



"उलटं तुम्ही घातलंय. आजसुद्धा."