यादीत नेरिडाचं नाव

"खालच्या ऑफिसात कोणी आहे का? एका शब्दात सांग!" ब्रूनो दारातूनच ओरडला. त्याच्या रेनकोटाचं पाणी डेसच्या फरशीवर ओघळत होतं. "माझ्याकडे बोट एकच आहे. एक तर ऑफिस, नाहीतर पलीकडे मळ्यांवर अडकलेली दोन कुटुंबं."

डेसने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. यादीत दोन नावं होती. एक त्याचं स्वतःचं, दुसरं नेरिडाचं.

टलोराच्या साखर कारखान्यात हा रिवाजच होता. पूर आला की वरच्या इमारतीतल्या माणसाने कारखान्याच्या संगणकांवर कोण कोण बसलंय त्याची यादी बघायची. कारखान्याचा प्रोग्राम सिडनीच्या एका बुडालेल्या कंपनीचा, आणि तो कारखान्याच्या आवारातल्या तारेबाहेर पाऊल टाकत नसे. यादीत नाव दिसलं म्हणजे माणूस आवारातच असणार. आठ वर्षं सगळे त्यावर डोळे मिटून विसंबत आले होते.

"नेरिडा दिसतेय की!" ब्रूनो त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "मी खालीच निघतो."

"थांब रे बाबा." डेस हसला. "ती घरी आहे. टेकडीवर, पाय पसरून."

"तू काय ज्योतिषी लागून गेलास?"

"गेल्याच आठवड्यात घरून जोडून दिलंय तिला."

हे सांगताना त्याची छाती फुगायची ती फुगलीच. हा हट्टी प्रोग्राम इंटरनेटवरून चालायलाच तयार नव्हता. मॅनेजर म्हणाले होते, नाद सोड. डेसने सोडला नाही. उसाची छोटी रेल्वे ट्रकवर चढवून हमरस्त्याने न्यावी, तसं त्याने प्रोग्रामचं एकेक बोलणं इंटरनेटच्या पाकिटात घातलं आणि टेलिफोनच्या तारेवरून नेरिडाच्या घरी पोचवलं. प्रोग्रामला बिचाऱ्याला पत्ताच नाही की आपण आवाराबाहेर पडलोय! नेरिडाचे गुडघे दुखायचे. आता रोज टेकडी उतरायला नको म्हणून तिने खूश होऊन डबाभर लॅमिंग्टन केक पाठवले होते.

एकच गोम होती. प्रोग्राम भारी बडबड्या. पडद्यावर एकमेकांना निरोप धाडायची सोय चालू ठेवली की टेलिफोनची तार गुदमरायची. म्हणून डेसने नेरिडाच्या नावापुरते निरोप बंदच करून टाकले होते. तिला येत नसत, तिचे जात नसत. बाकी काम झकास चाललं होतं.

"फोन तरी लाव तिला," ब्रूनो म्हणाला.

खालच्या ऑफिसचे फोन सकाळी वीज गेली तेव्हाच मुके झाले होते. जनरेटरवर फक्त संगणक चालू होते. डेसकडचा फोन मात्र धडधाकट होता. त्याने नेरिडाच्या घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर ब्रूनोच्या कानाला लावला.

"ऐक, एंगेज आहे ना? ती संगणकावर बसली की घरचा फोन असाच अडकतो. तिचा नवरा कार्मेलो रोज बोंब मारतो त्यावरून."

ब्रूनोने ऐकलं. तरी त्याचा पाय निघेना. "नक्की ना, डेस? अर्ध्या तासात नदी चार फूट चढलीय. आणि ऑफिसला वरचा मजलाही नाही."

"शंभर वेळा नक्की! जा, आधी ती लहान पोरं आण."

ब्रूनो गेला. बोटीच्या इंजिनाचा आवाज पावसात दूर दूर होत विरला.

डेसने चहा केला आणि तसाच ठेवला. खिडकीशी गेला. नदी कुठे संपते नि पाऊस कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. परत खुर्चीत बसला, परत उठला. आपण बरोबर आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी जीव काही थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात यादीतून नेरिडाचं नाव गेलं. लगेच परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

"लाइन अडखळतेय वाटतं," तो स्वतःशीच म्हणाला. अशा पावसात टेलिफोनची तार तरी किती दम धरणार! पण नाव जात-येत राहिलं. पाच वेळा, सात वेळा, एकसारखं. शेवटी त्याला चीडच आली. "अगं बाई, ठेव की ते आता! पुराच्या दिवशी कसलं काम करतेस?"

त्याने पुन्हा तिच्या घरी फोन लावला. पुन्हा एंगेज.

मग नाव गेलं ते आलंच नाही. डेस चांगली पाच मिनिटं पडद्यासमोर बसून राहिला. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. उठली म्हणायची एकदाची! त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

ब्रूनोचा वायरलेस आला. दोन्ही कुटुंबं सुखरूप होती, पाचही पोरं ठणठणीत. बोट पलीकडच्या काठाला लागली होती, प्रवाहामुळे परतायला तासभर लागणार होता.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" डेस म्हणाला.

वायरलेस पुन्हा खरखरला. नेरिडाचा नवरा बोलत होता, गाडीतून.

"डेस? कार्मेलो बोलतोय. अरे, पहाटे दरड कोसळली, आमची टेलिफोनची तारच खाली वाहून गेली, घरी फोन लावला की नुसता एंगेज लागतोय. बोटवाल्यांना मळ्यांवरच्या माणसांची नावं काढून द्यायची होती म्हणून नेरिडा सकाळीच ऑफिसात उतरलीय. मला काळजी नाही म्हणा, यादी तुझ्यासमोर असतेच. जरा बघून सांग ना गड्या, आहे ना तिचं नाव?"